आजे नरम छे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरासमोर एक गुजराती कुटुंब राहायचं. दोन्ही घरांचे ओटे समोरासमोर, मधे जेमतेम एक स्कूटर जाईल एवढी गल्ली. संध्याकाळी त्यांचा थोरला मुलगा सायकल भिंतीला टेकवून आला, की ओट्यावर मटार सोलत बसलेल्या बा मान वर न करता विचारायच्या, ‘आजे केम?’ तो चपला काढता काढता सांगायचा, ‘नरम छे, बा.’ मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मराठीत प्रकृती नरम असते. त्यामुळे या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे आणि ही मंडळी ते लपवतायत, अशी माझी खात्रीच झाली होती. एकदा मी आईला विचारलंसुद्धा, की त्यांचे आजोबा बरे का होत नाहीत? आई आधी हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘अगं, शेअरबाजार तो. भाव उतरले की नरम.’

तो खाली आलेला आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्याकडे तंबाखू, पळून जाऊन केलेलं लग्न आणि शेअर हे तीन विषय त्याच पट्टीत बोलले जायचे.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत कारकून. पोस्टातली आवर्ती ठेव, विम्याच्या दोन पॉलिसी आणि बँक ऑफ बडोदाचं पासबुक एवढा आमचा अर्थसंसार. ‘तो कष्टाचा पैसा नव्हे,’ असं ते समोरच्या ओट्याकडे न बघता म्हणत. गंमत अशी, की ज्या बँकेत त्यांची ठेव सुरक्षित होती, ती बँक सयाजीरावांनी १९०८ मध्ये काढली ती लिमिटेड कंपनी म्हणूनच. म्हणजे कोणीतरी भाग विकत घेतले, त्यातून भांडवल उभं राहिलं आणि त्या भांडवलाच्या भरवशावर लोकांनी ठेवी ठेवल्या. त्याच्या आदल्या वर्षी इथेच अलेंबिक ही औषधांची कंपनी निघाली, गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन या तिघांनी मिळून. तिघांतलं मधलं नाव वाचून कोणताही बडोदेकर मराठी माणूस खुर्चीत थोडा ताठ बसेल. पण बाबांच्या लेखी कंपनी म्हणजे नोकरी करायची जागा. तिचा हिस्सा आपल्याकडे असू शकतो, हे त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात ती नोकरीला लागली. दुसराच पगार झाला, तशी एका रविवारी सेवउसळीची पिशवी आणि फोनमध्ये चाळीसेक शब्दांची यादी घेऊन आली. ‘आत्या, तू गणित शिकवायचीस ना? मग हे सांग.’ यादीत मार्केट कॅपपासून मार्जिनपर्यंत सगळं होतं. मी तिला म्हटलं, आधी यादी मिटव आणि पाव गरम कर.

सुरुवात मी वाड्यापासून केली, कारण आमच्या वाड्याची वाटणी तिने लहानपणी पाहिली होती. शेअर म्हणजे हिस्सा. समज, वाडा एक कोटीचा आणि हिस्से चार, तर एक हिस्सा पंचवीस लाखांचा. हिस्से दहा केले, तर एक दहा लाखांचा. वाडा तोच राहिला. म्हणून वीस रुपयांचा शेअर स्वस्त आणि दोन हजारांचा महाग असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारायचं, हिस्से किती पाडलेत? एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, म्हणजे अख्ख्या वाड्याची आजची किंमत. यादीतला मार्केट कॅप हा भारदस्त शब्द एवढंच सांगतो.

स्प्लिट म्हणजे खोलीत मधे पार्टिशन घालणं. खोल्या दोन होतात, चौरस फूट तेवढेच राहतात. बँक ऑफ बडोदाचे समभाग १९९६ मध्ये लोकांना मिळू लागले, तेव्हा त्यांची दर्शनी किंमत, म्हणजे कागदावर छापलेली किंमत, दहा रुपये होती. २०१५ मध्ये ती दोन रुपयांवर आणली. ज्याच्याकडे शंभर होते त्याचे पाचशे झाले आणि भाव त्याच प्रमाणात उतरला. त्या दिवशी कोणी श्रीमंत झालं नाही आणि कोणी बुडालंही नाही. बोनस शेअरचंही साधारण असंच. कंपनी आपल्या गंगाजळीतली रक्कम भागभांडवलात वळवते आणि एकावर एक फुकट देते. शेअर दुप्पट होतात, भाव निम्मा होतो. ‘बोनस’ म्हटलं की आपल्याला दिवाळी आठवते, घोळ तिथेच होतो.

दर्शनी किंमत आणखी एका ठिकाणी फसवते. ‘कंपनीने दोनशे टक्के लाभांश दिला’ असं वाचून डोळे विस्फारतात. ते दोनशे टक्के दर्शनी किमतीवर असतात. दोन रुपयांच्या दर्शनी किमतीवर चार रुपये. शेअर तुम्ही चारशेला घेतला असेल, तर तुमच्या हाती पडला तो एक टक्का.

भाचीने विचारलं, ‘मग कंपनी बुडाली तर? वाडा पडला तर?’ हा प्रश्न मला फार आवडला, कारण लोक तो विचारतच नाहीत. लिमिटेड या शब्दाचा अर्थ असा, की कंपनीचं देणं फेडायला तुझ्या घरची भांडी कोणी उचलून नेणार नाही. तुझा हिस्सा शून्य होईल, त्यापलीकडे काही नाही. पण कंपनी मोडीत निघाल्यावर जे उरतं, त्याच्या वाटपात भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी कामगारांचं देणं आणि तारणावर कर्ज देणारे, मग बाकीची देणी आणि सगळे जेवून उठल्यावर भागधारक. लग्नघरातल्या बायकांसारखं. शेवटची पंगत आपली. श्रीखंड भरपूर उरलं असेल, तर उरलेलं सगळं आपलंच. त्यात वाटेकरी नाही. नसेल तर पातेलं खरवडायचं. कर्जरोखे घेणारा पहिल्या पंगतीला बसतो. त्याला ठरलेलं व्याज तेवढं मिळतं, जास्तीची वाटी नाही. इक्विटी म्हणजे हिस्सा आणि डेट म्हणजे कर्ज, यांच्यातला फरक मला यापेक्षा चांगला सांगता येत नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर शेवटच्या पंगतीत जेवण केलं, त्यांना ‘हे तुम्हाला कळायचं नाही’ असं का सांगितलं जायचं, हे मात्र मला कधी कळलं नाही.

आता बाबांकडे परत जायला हवं.

१९९४-९५ चा सुमार असेल. रोज नव्या कंपन्यांच्या शेअरसाठी अर्जाचे फॉर्म निघत होते, टपऱ्यांवर मिळत होते. वीस वर्षं समोरच्या ओट्याकडे पाठ फिरवलेल्या बाबांनी एक दिवस कोणाला न सांगता एक फॉर्म भरला. कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत डबल. कंपनीचं नाव इथे सांगत नाही, ते आता कोणाच्या कामाचंही नाही. दहाची दर्शनी किंमत, वर पंधरा प्रीमियम, असे दोनशे शेअर, पाच हजार रुपये. प्रीमियम म्हणजे छापील किमतीवर कंपनी आपल्या भवितव्यासाठी जे जास्तीचं मागते ते. जुनी, भरभराटीतली कंपनी मागते तेव्हा त्याला अर्थ असतो. ज्या कंपनीचा कारखाना अजून नकाशातच होता, ती पंधरा रुपये कशाचे मागत होती, हे बाबांनी विचारलं नाही. घरात पाच रुपयांच्या कोथिंबिरीवर घासाघीस करणारा माणूस.

शेअर लिस्ट झाला, म्हणजे बाजारात त्याची रोजची खरेदी-विक्री सुरू झाली, तो अठराला. मग अकरा, मग चार. बाबा सयाजीगंजात दलालाकडे गेले. तेव्हा बडोद्याला स्वतःचा शेअरबाजार होता. वडोदरा स्टॉक एक्स्चेंज १९९० मध्ये सुरू झालं आणि २०१५ मध्ये बंद झालं. ‘चारला तरी काढा,’ बाबा म्हणाले. दलाल म्हणाला, ‘काका, चार हा भाव आहे. घेणारा कोणी नाही.’ बाबांना ते वाक्य आयुष्यभर समजलं नाही. भाव आहे आणि घेणारा नाही, हे कसं?

मी भाचीला खंडेराव मार्केटमधली फुलं आठवायला सांगितली. शेवंतीवाला म्हणतो ऐंशी, आपण म्हणतो साठ. साठ ही आपली बोली, ऐंशी ही त्याची मागणी, मधली दरी वीस रुपयांची. गणपतीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक खच्चून असतं, दरी रुपया-दोन रुपयांवर येते. पितृपक्षाच्या एखाद्या दुपारी गिऱ्हाईकच नसतं. मग फळ्यावर ऐंशी लिहिलेलं असलं, तरी ते नुसतं लिहिलेलं असतं. बाबांच्या चार रुपयांचं तेच झालं. याला तरलता म्हणतात, दलाल नुसतं ‘वॉल्यूम नाही’ म्हणतो. आणि फोनवर खरेदीचं बटण दाबताना दोन पर्याय दिसतात ते यातलेच: ‘जो भाव असेल त्याला दे’ ही मार्केट ऑर्डर, ‘पासष्टच्या वर एक पैसा देणार नाही, नाहीतर राहू दे’ ही लिमिट ऑर्डर. गिऱ्हाईक कमी असलेल्या शेअरला पहिलं बटण दाबणं म्हणजे फुलवाल्यापुढे पाकीट उघडं धरणं.

बाबांचे ते दाखले अजून माझ्या कपाटात आहेत. जाड कागद, नक्षीची चौकट, नोटेसारखी छपाई. त्या काळी शेअर विकायचा म्हणजे दाखल्यासोबत सही केलेला हस्तांतराचा फॉर्म जायचा आणि सही जुळली नाही की सगळं परत. त्याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. बाबांची सही दर महिन्याला वेगळी यायची, हेही एक होतंच. आता कागद गेले. १९९६ मध्ये एनएसडीएल आली, १९९९ मध्ये सीडीएसएल, आणि शेअर या दोन डिपॉझिटरींच्या, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या, खतावणीत नोंदी होऊन बसले. डीमॅट खातं म्हणजे त्या नोंदींचं पासबुक. आज विकलं तर पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी जमा होतात. नवख्या माणसाने एक गोष्ट मनात पक्की धरावी: आपण ज्या ॲपवरून खरेदी करतो तो दलाल, शेअर त्याच्या घरात नसतात, डिपॉझिटरीत आपल्या नावावर असतात. खात्याचं विवरण थेट डिपॉझिटरीकडून ईमेलवर येतं. ते उघडून बघायचं. कोणी बघत नाही.

‘पीई म्हणजे?’ भाचीने यादी परत उघडली होती. पुन्हा वाडा. खोली दहा लाखांची, वर्षाचं भाडं पन्नास हजार. भाड्यातून किंमत वसूल व्हायला वीस वर्षं. शेअरचा भाव भागिले वर्षाला प्रत्येक शेअरमागे होणारी कमाई, येईल तो पीई. वीस असेल तर आजच्याच कमाईने वीस वर्षं. मग कोणी साठ पीई का देतं? शेजारी मॉल होणार, भाडं वाढणार, असं वाटतं म्हणून. आणि कधी आठच का असतो? भिंतीला ओल आहे, भाडेकरू पळायच्या बेतात आहे, म्हणून. स्वस्त या शब्दाखाली ओल आहे का ते बघावं लागतं. म्युच्युअल फंडातही, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर घेणाऱ्या पोतडीतही, हा शब्द नडतो. नवा फंड दहा रुपयांना एक युनिट, म्हणजे एक वाटा, देतो, जुन्याचा भाव तीनशे असतो आणि लोक दहावाला घेतात, ‘स्वस्तात मिळाला’ म्हणून. एका युनिटचा हा भाव म्हणजे एनएव्ही: फंडाच्या पोतडीत आज जे आहे, त्यातून खर्च-देणी वजा करून युनिटांच्या संख्येने भागलेला आकडा. दोन्ही पोतड्यांत सारखेच शेअर असतील, तर दोन्ही सारख्याच टक्क्यांनी वर-खाली होणार.

टक्के हा सगळ्यात साधा हिशेब आणि टीव्हीवाले नेमका तोच गिळतात. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअरबाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांची मिळून एक नाडी. १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजलेली. निफ्टीत पन्नास कंपन्या, ती राष्ट्रीय शेअरबाजाराची. २८ एप्रिल १९९२ ला, शेअरदलाल हर्षद मेहताचा घोटाळा फुटल्यावर, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ते जवळजवळ तेरा टक्के होते. सेन्सेक्स ऐंशी हजारांवर असताना तेच ५७० अंक म्हणजे टक्काही नाही, पण पडद्यावर लाल अक्षरं तेवढीच मोठी. २३ मार्च २०२० ला मात्र खरंच पडला, ३९३४ अंक, तेरा टक्क्यांच्या वर. दहा टक्क्यांच्या घसरणीला बाजार आपोआप पंचेचाळीस मिनिटं थांबला. याला सर्किट म्हणतात. चिडलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो, तसं.

१९९२ च्या त्या आठवड्यात बा ओट्यावर होत्या का, हे मी खूप आठवून पाहिलं. होत्या. उन्हाळ्यात त्या गवार निवडायच्या. त्यांनी ‘आजे केम’ विचारलं की नाही, ते आठवत नाही. त्यांच्या घरात नंतर एक खोली भाड्याने गेली, एवढं आठवतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगायला फार अभिमानाची नाही. २००८ च्या जानेवारीत मी एका म्युच्युअल फंडात दरमहा दोन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरलेल्या हप्त्याची गुंतवणूक, सुरू केली. सेन्सेक्स तेव्हा एकवीस हजारांच्या घरात. ऑक्टोबर संपेपर्यंत आठ-नऊ हजारांवर. मी एसआयपी बंद केली. वर्गात मी मुलांना सरासरी शिकवत होते आणि घरी मला ती दिसली नाही: एनएव्ही पन्नास असताना दोन हजारांत चाळीस युनिट मिळतात, पंचवीस झाली की ऐंशी. चार हजारांत एकशेवीस. सरासरी खरेदी तेहतीस रुपये तेहतीस पैशांना पडली, भावांची सरासरी मात्र साडेसदतीस. हप्ता ठरलेला असला की स्वस्ताईत आपोआप जास्त युनिट पदरात पडतात. टोमॅटो दहा रुपये झाले की मी पाच किलो आणून सॉस करून ठेवते. फंड निम्मा झाला तेव्हा मी पिशवी घडी घालून ठेवली. पुन्हा सुरू करायला तीन वर्षं लागली, तोवर टोमॅटो साठ झाले होते.

भाचीच्या यादीतला शेवटचा शब्द एफ अँड ओ, म्हणजे फ्यूचर्स अँड ऑप्शन्स. तो तिला कारखान्यातल्या एका मुलाने दिला होता. ‘फक्त आठ हजारांत होतं, आत्या.’ फक्त हा शब्द ऐकून मला बाबांचा डबल आठवला. मी तिला सांगितलं, की यात कंपनीचा हिस्सा विकत घेतला जात नाही. ठरलेल्या तारखेच्या भावावरचा तो वायदा आहे. आठ हजार ही आगाऊ रक्कम, व्यवहार त्याच्या कितीतरी पट मोठा. फायदा मोठ्या रकमेवर मोजतात, फ्यूचर्समध्ये तोटाही. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले: मागच्या तीन आर्थिक वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींहून अधिक रुपये घालवून. शंभरातली त्र्याण्णव मुलं नापास झाली, तर आम्ही शिक्षक पेपर तपासून बघायचो.

मला आजवर कुठल्या अवघड शब्दाने बुडवलेलं नाही. तरलता, दर्शनी किंमत, पीई हे शब्द दारात उभे राहून तुम्हाला अडवतात, विचारायला लावतात. डबल, फक्त, फुकट, स्वस्त, गॅरंटी हे शब्द न विचारता आत येतात, चपला काढतात, पाणी मागतात. बाबांचे पाच हजार अशाच एका शब्दाबरोबर गेले.

सेवउसळ संपली होती. भाचीने एक निर्देशांक फंड निवडला, म्हणजे निफ्टीतल्या त्याच पन्नास कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा, हुशारीचे वेगळे पैसे न मागणारा. डायरेक्ट की रेग्युलर, असं ॲपने विचारलं. मधला माणूस नसेल तर त्याचा मेहनताना कशाला, म्हणून डायरेक्ट. दीड हजारांची एसआयपी. शेवटी नॉमिनीचं पान आलं.

‘आईला पन्नास टक्के, तुला पन्नास,’ ती म्हणाली.

मी तिला थांबवलं. नॉमिनी हाही सोप्याच शब्दांतला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात येतात ते वारसांकडे पोहोचवण्यासाठी. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हटलं, तुझी वारस तुझी आई, मी नुसती पोस्टमन.

‘पोस्टमन तर पोस्टमन. जन्मतारीख सांग.’

मी सांगितली. मग तिने नात्यांची यादी उघडली. पती, मुलगा, मुलगी, वडील, आई, भाऊ, बहीण. दोनदा वर-खाली करून झालं.

‘आत्या नाहीच आहे यात. इतर करू?’

‘कर.’

‘इतर’ दाबल्यावर आणखी एक चौकट उघडली: नातं स्पष्ट करा. तिने मराठीत ‘आत्या’ टाइप केलं. ॲपने ते लाल करून परत पाठवलं. मग तिने तेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आणि ते चाललं.